पल्सऑडिओ उडवला की कॉल नीट लागतो? अजिबात नाही

परवा ऐरोलीला मित्राकडे गेलो तर साहेब कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम परत टाकायच्या तयारीत, कारण काय तर कॉलवर ह्याचा आवाज समोर जात नव्हता आणि कुणीतरी सांगितलं "पल्सऑडिओ उडव, थेट अल्सावर चालव" (पल्सऑडिओ म्हणजे ॲप्स आणि स्पीकर-माइक यांच्यामधला आवाजाचा थर, अल्सा म्हणजे त्याच्या खालचा, थेट साउंड कार्डशी बोलणारा), ह्याने उडवला आणि होता तो आवाजही गेला.

हा सल्ला कैक वर्षं फिरतोय. एकेकाळी त्यात दम होता म्हणा, २००८ ला उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) ८.०४ मध्ये पल्सऑडिओ डिफॉल्ट आला तेव्हा कच्चाच होता आणि स्काइप थेट अल्साशी बोलायचा. पण २०१४ च्या स्काइप ४.३ ने तो रस्ताच बंद केला, २०१७ ला फायरफॉक्स ५२ नेही तेच केलं. आता उबंटूत २२.१० पासून पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे, पण कॉलची बहुतेक ॲप्स अजूनही पल्सऑडिओ समजूनच त्याच्याशी बोलतात, तो थर काढला की संपलं.

म्हणून मित्राने उडवलेलं सगळं आधी परत टाकलं. मग पावूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंग्जचं ॲप) उघडून कॉल चालू ठेवला (कॉल चालू हवाच, नाहीतर ॲप यादीत दिसतच नाही) आणि रेकॉर्डिंग टॅबमध्ये बघितलं तर माइकच्या जागी 'मॉनिटर' निवडलेला! मॉनिटर म्हणजे स्पीकरमधून जे वाजतंय तेच, म्हणजे समोरच्याला स्वतःचाच आवाज परत. ड्रॉपडाउनमधून खरा माइक निवडला, दोन मिनिटांत काम झालं.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर पावूकंट्रोलचा कॉन्फिगरेशन टॅबही बघा, एटूडीपी (फक्त ऐकण्यासाठीच्या चांगल्या आवाजाच्या) प्रोफाइलवर माइक मिळत नाही, हेडसेटवालं घ्यावं लागतं, गाणी मग जरा डबा वाजतात.