‘ठेवतो’ न म्हणता फोन कट झाला तर

आमच्याकडं बेळगाव-खानापूर भागात फोन ठेवायच्या आधी दोन-तीनदा तरी ‘ठेवतो मग’, ‘हां ठेव’ होतंच. त्याचा उपयोग मला चोर्ला घाटात कळला. मामा बोलत होते, मला ऐकू आलं “भात उद्या मिलला घेऊन ये” आणि रेंज गेली. मामा ‘ठेवतो’ म्हणाले नव्हते म्हणून घाट उतरल्यावर परत लावला, तर पुढचं वाक्य होतं “पण पाऊस असला तर नको बग.”

नेटवर्कवर डिट्टो हाच घोळ होतो. एचटीटीपीएसमधल्या शेवटच्या एसमागं टीएलएस असतं, ते मजकूर कुलूपबंद करतं, वाटेत कोणी अक्षर बदललं तर लगेच कळतं. पण खाली डेटा पोचवायचं काम करणारं टीसीपी कनेक्शन संपवायला जो ‘फिन’ नावाचा निरोप पाठवतं तो उघडाच असतो, म्हणजे मधला माणूस शब्द बदलू शकत नसला तरी खोटा फिन घुसडून वाक्य अर्ध्यावर तोडू शकतो, आणि ‘नको’ आपल्याकडं नेमकं शेवटी येतं! 1995 च्या एसएसएल 2 मध्ये (एसएसएल म्हणजे टीएलएसचा जुना अवतार) यावर काहीच उपाय नव्हता. 1996 च्या एसएसएल 3 मध्ये ‘क्लोज नोटिफाय’ आला, म्हणजे कुलपाच्या आतून सांगितलेलं ‘ठेवतो’. सगळा मिळून दोन बाईटचा निरोप, पण चावी नसलेल्याला त्याची नक्कल जमत नाही. 2018 च्या टीएलएस 1.3 मध्येपण तो आहेच.

आता आपला प्रोग्राम हे ओळखतो का ते बघायचं तर कनेक्शन मुद्दाम मारावं लागतं, आणि मारायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. मी पायथनमध्ये छोटा सर्व्हर लिहिला, अर्धी फाईल पाठवून झाली की ‘किल -9’, म्हणजे प्रोग्राम जागीच मारायची कमांड. प्रोग्रामला निरोप घ्यायला वेळच मिळत नाही, त्याच्या मागं लिनक्सच फिन पाठवून मोकळं होतं. पलीकडं माझा क्लायंट, म्हणजे फाईल घेणारा प्रोग्राम, खुशाल म्हणाला, फाईल आली! कारण पायथनचं एसएसएल मॉड्यूल असला अर्धवट शेवट डिफॉल्टला गिळून टाकतं आणि नेहमीसारखा रिकामा डेटा हातात देतं. मला हे डिफॉल्ट अजिबात पटत नाही, पण लोकांची अडचणपण खरी आहे, कितीतरी सर्व्हर ‘ठेवतो’ न म्हणताच फोन ठेवून देतात. 2021 मध्ये ओपनएसएसएल 3.0 नं (टीएलएसचं काम करणारी लायब्ररी) याला स्पष्ट एरर म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दुर्लक्ष करायचा पर्यायपण सोबत द्यावा लागला. मग मी आधी फाईलची लांबी पाठवायला लावली, क्लायंटनं बाईट मोजायचे, कमी भरले तर बोंब मारायची.

दुसरी तऱ्हा ‘रीसेट’, म्हणजे फोन आपटणं. सॉकेटचं, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाचं, ‘लिंगर’ हे सेटिंग शून्य ठेवून तो बंद केला की रीसेट जातो. ही टेस्ट सोपी, एरर लगेच येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे केबल उपसणं. सर्व्हरवाल्या लॅपटॉपची वायर राऊटरमधनं काढली, ना फिन ना रीसेट, क्लायंट आपला कान लावून बसलेला. कीपअलाइव्ह, म्हणजे पलीकडं कोणी आहे का ते मधूनमधून विचारायची सोय, चालू असलं तरी लिनक्स डिफॉल्टला 7200 सेकंद, म्हणजे दोन तास शांतता गेल्यावर पहिल्यांदा ‘हॅलो?’ करतं, आणि ते चालूपण आपणच करायचं असतं. मी चहा पिऊन आलो तरी तो बसलेलाच होता, शेवटी वाचायला 30 सेकंदांचा टाइमआउट लावला आणि परत वायर उपसली.