पंधरा टक्क्यांची उडी

२०१० च्या नाताळाच्या खरेदीच्या दिवसांत अमेरिकेत कुणी गूगलवर ‘ड्रेसेस’ असं शोधलं, की सगळ्यात वर नाव यायचं जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं. चादरी शोधा, गालिचे शोधा, तेच नाव. सॅम्सोनाइटची बॅग शोधली, तर खुद्द सॅम्सोनाइटच्याही वर पेनी. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तज्ज्ञाकडून तपास करून घेतला, तेव्हा पेनीकडे दुवे (लिंक) देणारी २,०१५ पानं सापडली. दुवे होते ‘इव्हिनिंग ड्रेसेस’सारख्या शब्दांवर, पण साइट्स होत्या दंतवैद्य, घोरणं, मासेमारी, बाथरूमच्या फरशा असल्या विषयांवरच्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने कारवाई केली. संध्याकाळी सात वाजता बॅगांच्या शोधात पहिली असलेली पेनी दोन तासांत ७१ वी झाली. हे दुवे लावायला आम्ही सांगितलंच नव्हतं, असं कंपनीने जाहीर केलं आणि शोधात वर येण्यासाठी नेमलेल्या सल्लागार फर्मला नारळ दिला.

घोरण्यावरच्या पानाने कपड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं, म्हणून दुकान वर का चढावं? त्यासाठी थोडं गणित बघावं लागतं. भिण्यासारखं त्यात काही नाही.

नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. शोधलेला शब्द पानावर जितका ठळकपणे आणि जितक्या वेळा, तितकं पान वर. मग लोकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये निराळा मार्ग मांडला: पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे दुवा देतात का, ते बघायचं. शास्त्रज्ञांच्या जगात ही कल्पना जुनी होती. एका नियतकालिकाचा उल्लेख दुसरं वजनदार नियतकालिक करत असेल तर त्या उल्लेखाचं मोल जास्त धरावं, असं पिन्स्की आणि नरीन यांनी १९७६ मध्येच मांडलं होतं. स्थळाची चौकशी करताना आपणही चांगलं म्हणणारे किती, यापेक्षा म्हणणारा कोण हे बघतोच.

आता तीनच पानांचं जग घ्या. ‘क’ पान ‘ख’ आणि ‘ग’ या दोघांना दुवा देतं. ‘ख’ फक्त ‘ग’ला देतं. ‘ग’ फक्त ‘क’ला देतं. नियम एकच: प्रत्येक पान आपलं वजन आपण दिलेल्या दुव्यांत सारखं वाटून टाकतं. एकूण वजन १ धरून हिशोब जुळवला, तर ‘क’ला ०.४, ‘ख’ला ०.२ आणि ‘ग’ला ०.४ मिळतात. ताळा करून बघा. ‘क’ आणि ‘ख’ या दोघांकडे येणारा दुवा एकेकच. तरी ‘क’चं वजन दुप्पट, कारण त्याला ‘ग’चं सगळं वजन मिळतं आणि ‘ख’च्या वाट्याला ‘क’चं अर्धंच. खऱ्या वेबवर हे समीकरण एका झटक्यात सुटत नाही. अंदाजी आकडे घेऊन फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या, आकडे हलायचे थांबेपर्यंत. पेज-ब्रिन यांच्या गटाला ३२ कोटी २० लाख दुव्यांच्या जाळ्यावर साधारण ५२ फेऱ्या पुरल्या होत्या.

एक अडचण उरतेच. दोन पानं फक्त एकमेकांनाच दुवा देत असतील, तर तिथे आलेलं वजन बाहेर पडतच नाही. त्यावर तोड अशी: दुव्यांवर टिचकी मारत भटकणारा एक माणूस कल्पा. १०० पैकी ८५ वेळा तो समोरच्या पानावरचा एखादा दुवा पकडतो, उरलेल्या १५ वेळा कंटाळून वेबवरच्या कुठल्याही पानावर उडी मारतो. तो जिथे जास्त वेळा सापडेल, ते पान वजनदार.

माझ्या मते या विषयातली खरी गोम या उडीत आहे. उडी कुठेही पडू शकते, म्हणजे कुणीही न विचारलेल्या पानालाही चिमूटभर वजन फुकट मिळतं. एखाद्याने हजारो रिकामी पानं उभी केली आणि सगळ्यांचे दुवे एकाच दुकानाकडे वळवले, तर त्या चिमटी गोळा होतात. फसवणुकीची वाट गणितानेच ठेवली होती. त्यात गूगलने २००० पासून ब्राउझरच्या टूलबारमध्ये प्रत्येक पानाचं वजन ० ते १० अशा अंकात दाखवायला सुरुवात केली. अंक दिसला की भाव ठरतो. जास्त अंकाच्या पानावरचे दुवे उघड विकले जाऊ लागले. तो अंक पूर्णपणे बंद व्हायला २०१६ उजाडलं.

२००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी ‘ट्रस्टरँक’ नावाचा उपाय मांडला. उडी कुठेही पडू द्यायची नाही. माणसांनी तपासून निवडलेल्या मोजक्या विश्वासू साइट्सवरच पडू द्यायची. तिथून विश्वास दुव्यांवाटे झिरपत जातो आणि जितकं दूर जावं तितका पातळ होतो. म्हणजे ज्या क्रमवारीला आपण यंत्राचा निःपक्षपाती निवाडा समजतो, तिच्या मुळाशी कुणीतरी बसून केलेली निवड येते. मला यात वावगं वाटत नाही, पण ती निवड कोणाची हे विचारलं पाहिजे.

पुढे २०१२ मध्ये गूगलने क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. त्याने विकतच्या दुव्यांवर चढलेली पानं खाली ढकलली. २०१६ पासून त्याचा भर असे दुवे मोजायचेच नाहीत, यावर आहे. आज दुवे हा कित्येक निकषांपैकी एक आहे, तरी दुवे विकणाऱ्यांचे ईमेल काही थांबलेले नाहीत.

मराठी पानांची रड मात्र बऱ्याचदा या सगळ्याच्या आधीच सुरू होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सामायिक पद्धत, रुळण्याआधी आपल्या साइट्स स्वतःचे फाँट वापरत. पडद्यावर ‘पाऊस’ दिसे, पण आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सर्च इंजिनच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. तसल्या फाँटमधल्या जुन्या पीडीएफ अजून आहेत. युनिकोडमध्येही ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: २००८ मध्ये मिळालेलं स्वतंत्र अक्षर, किंवा ‘अ’वर चंद्र. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण साध्या शोधात एक टाइप केल्यावर दुसरा सापडेलच असं नाही. आणि कार्यक्रमाची सगळी माहिती चित्रात घालून तेवढंच चित्र साइटवर चढवायची आपल्याकडे पद्धतच आहे. तारीख, वेळ, सभागृह सगळं चित्रात. पानावर मजकूर शून्य. अशा वेळी दुवे मागत फिरण्याआधी तोच मजकूर चित्राखाली चार ओळींत टाइप करावा.