लाइट नॉव्हेल

लाइट नॉव्हेल (जपानी तरुणांच्या बोलीत ‘रानोबे’) : मुख्यतः किशोर व तरुण वाचकांसाठी लिहिलेली, मांगा (जपानी चित्रकथा) व ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) यांच्या धाटणीची चित्रे असलेली जपानी कादंबरी. हा कथाप्रकार नव्हे, प्रकाशनाचा प्रकार आहे. पुस्तक कोणत्या मालिकेतून, म्हणजे ‘लेबल’मधून निघाले, यावरच बहुधा ते लाइट नॉव्हेल ठरते. होनोबू योनेझावा यांची ‘ह्योका’ ही शाळेत घडणारी रहस्यकथा २००१ मध्ये कादोकावा या प्रकाशनसंस्थेच्या स्नीकर लेबलखाली निघाली. पुढे तीच कथा साध्या मुखपृष्ठानिशी कादोकावाच्याच सर्वसाधारण मालिकेत गेली आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन बसली.

घडण : बहुतेक पुस्तके बुंको आकाराची, १०५ × १४८ मिमी, म्हणजे कोटाच्या खिशात मावणारी असतात. मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. अवघड कांजी (मूळ चिनी लिपीतल्या) चिन्हांशेजारी त्यांचा उच्चार बारीक टाइपात (फुरिगाना) छापतात. देंगेकी पुरस्कार हा नवोदितांसाठीचा या क्षेत्रातला सर्वांत मानाचा पुरस्कार. त्यासाठी कादंबरी ४२ अक्षरे × ३४ ओळी या साच्याच्या ८० ते १३० पानांत बसवावी लागते. हा साचा म्हणजे बुंकोची समोरासमोरची दोन पाने. त्यामुळे १३० पानांच्या हस्तलिखिताचे पुस्तक सुमारे २६० पानांचे होते. आरंभी काही रंगीत चित्रपाने (कुचिए) आणि आत साधारण दहा कृष्णधवल चित्रे (साशिए) असतात.

परिच्छेद आखूड, संवाद भरपूर. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ फारसे लिहीत नाहीत. बोलणारा ओळखू येतो तो त्याच्या ढबीवरून आणि स्वतःला तो बोकू, ओरे की वाताशी (‘मी’साठीचे वेगवेगळे शब्द) म्हणवतो यावरून. ही ढब कच्ची राहिली, की चौघांच्या संभाषणात वाचक हमखास हरवतो.

अद्भुत, रहस्य आणि प्रेम : १९८८ मध्ये सुरू झालेल्या फुजिमी फँटेसिया बुंको या लेबलच्या काळात तलवारी आणि जादूची चलती होती. १९९८ मध्ये देंगेकी बुंको या लेबलमधून आलेल्या कोऊहेई कादोनो यांच्या ‘बूगीपॉप’ने अद्भुताला आजच्या शहरात, शाळेच्या गच्चीवर आणले. एकच घटना वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून येते आणि पूर्ण सत्य त्यांतल्या एकालाही कळत नाही. फुजिमीने २००० मध्ये रहस्यकथांसाठी वेगळे लेबल काढले; मात्र २००३ च्या अखेरीस त्याची जाहिरात चक्क ‘लव्ह’ या शब्दावर होऊ लागली. नुसत्या कोड्यापेक्षा कोडे सोडवणाऱ्या जोडीवर भिस्त ठेवण्याचा हा व्यवहारी निर्णय होता. काझुकी साकुराबा यांची ‘गोसिक’ मालिका त्याच सुमारास तेथून सुरू झाली. २००९ मध्ये ते लेबल बंद पडले, तरी तिन्ही रसांची ही मिसळ टिकली.

या मिसळीत अद्भुत घटना म्हणजे पात्राच्या मनातल्या गाठीचे दृश्य रूप असते. निसिओ इसिन यांच्या ‘बाकेमोनोगातारी’त (२००६) एका मुलीचे वजन जेमतेम ५ किलो उरते, कारण असह्य आठवणीचा भार तिने एका दैवी खेकड्याला देऊन टाकलेला असतो. हाजिमे कामोशिदा यांच्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत फुजिसावा शहरातली एक तरुण अभिनेत्री लोकांना दिसेनाशी होते. गुन्हेगार कोण, हा प्रश्न इथे गौण; हे का घडते आहे, हे शोधायचे. शोध घेणाऱ्याला त्या व्यक्तीच्या जवळ जावेच लागते, म्हणून प्रेमकथा वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही. अद्भुताचे नियम मात्र आधी सांगावे लागतात. शेवटच्या प्रकरणात नवी शक्ती काढून गाठ सोडवली, तर रहस्य आणि प्रेम दोन्ही एकदमच कोसळतात, आणि कच्च्या मालिकांत नेमके हेच होते.

चित्रांची अडचण : रंगीत पाने पुस्तक उघडताच दिसतात. चुकीचा प्रसंग निवडला तर कथा सुरू होण्याआधीच रहस्य फुटते, म्हणून संपादकाला उत्तरार्धातली दृश्ये जपून वापरावी लागतात. निवेदकाचे वय किंवा लिंग लपवणारी युक्ती तर चित्रांसोबत जवळजवळ अशक्यच; पात्र काढायचेच नाही, किंवा पाठमोरे काढायचे, एवढाच मार्ग उरतो.

मांगा रूपांतर : यश मिळालेल्या कादंबरीचा मांगा निघतो, कधी ॲनिमेच्या आधी, कधी नंतर. गद्यातले अर्धे पान स्वगत एका चौकटीत मावत नाही. ते चेहऱ्यावर, रिकाम्या वर्गावर, पावसावर वाटून द्यावे लागते आणि पाने वाढत जातात. ‘बाकेमोनोगातारी’चे दोन भाग आणि तिची पूर्वकथा यांवर आधारलेला ‘ओह! ग्रेट’ या टोपणनावाच्या मांगाकाराचा मांगा २०१८ ते २०२३ या काळात चालला आणि २२ खंडांत पुरा झाला. उलट घाईने एकाच खंडात कोंबलेल्या रूपांतरात दुवे गळतात आणि उकल आकाशातून पडल्यासारखी वाटते.

वाचनक्रम : अनेक मालिकांच्या मुखपृष्ठावर खंडक्रमांक नसतो, प्रत्येक खंडाला वेगळे नाव असते. ‘हारुही सुझुमिया’ आणि कामोशिदा यांची मालिका ही त्याची उदाहरणे. अशा वेळी कथेतला काळ न पाहता प्रकाशनाचे वर्ष पाहावे. ‘किझुमोनोगातारी’ (२००८) कथेच्या काळाने आधीची असली, तरी ती ‘बाकेमोनोगातारी’नंतरच वाचायची. इंग्रजी अनुवाद घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : त्यात मांगा उजवीकडून डावीकडेच राहतो, पण कादंबरी आडव्या ओळींत, डावीकडून उजवीकडे छापतात.