सोलापूरच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटल आणि त्याची कोळंबी

सोलापुरात ॲक्सोलॉटल पाळायचा म्हणजे उन्हाळ्याशी उभा दावा. हा जन्मभर पाण्यातच राहणारा, बेडकासारखाच उभयचर प्राणी मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २४ च्या वर गेलं की तब्येत ढासळायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा सहज ४२ ला टेकतो. टाकीवर पंखा लावून भागेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी गार होतंही, पण ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ते फार फार तर २४ पर्यंत उतरेल, त्याखाली नाही. म्हणजे चिलर, पाणी थंड करणारं यंत्र, हवाच. तो परवडत नसेल तर ॲक्सोलॉटल आणूच नये, असं माझं मत. शिवाय तो साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने वन्यजीव कायद्याखाली नोंदणीही करावी लागते.

त्याचं रोजचं जेवण गांडूळ. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं मात्र तो अनेकदा थुंकून टाकतो, कारण डिवचल्यावर ती कडवट द्रव सोडतात. जिवंत कोळंबी गांडुळाची जागा घेऊ शकत नाही, पण चिमट्याने भरवलेल्या घासात जे मिळत नाही ते तिच्यात मिळतं: शिकार.

ॲक्सोलॉटलची नजर अधू असते. वास, अंगावरच्या संवेदी रेषेला जाणवणारी पाण्याची हालचाल आणि सूक्ष्म विद्युतलहरी यांवर त्याचा भर. कोळंबी तळावर चरत जवळ येते तेव्हा तो दगडासारखा निश्चल असतो. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंड उघडतं, घशाचा तळ खाली जातो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. दात बारीक, फक्त धरून ठेवण्यापुरते, चावणं नाहीच. पण कोळंबीही काही कमी नाही. शेपटी पोटाखाली झटकून ती उलटी मागे उडते आणि पुष्कळदा निसटते. हे निसटणंच कामाचं, कारण त्यामुळे त्याला पुन्हा शोधावं लागतं.

यासाठी चेरी श्रिम्प ही गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी उत्तम. लांबी दोन-तीन सेंटीमीटर, कवच पातळ. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे वागवते आणि पिल्लं थेट आईच्या रूपात बाहेर पडतात; मधली तरंगती अळीची अवस्था नाही, म्हणून घरच्या गोड्या पाण्यातही वीण वाढते. पण १७ अंशांना ती जगली तरी वीण जवळपास थांबते, आणि जी असेल ती ॲक्सोलॉटल फस्त करणार. म्हणून कोळंबीची टाकी वेगळी, स्पंज फिल्टरसह. तिला २२ ते २६ अंश आवडतात, २८ पर्यंत चालतं. म्हणजे ॲक्सोलॉटलला अपुरा पडलेला पंखा इथे बहुधा पुरतो. शिकारीसाठी हलवताना मात्र गार पाणी थोडं थोडं मिसळत तापमान सावकाश उतरवावं.

उजनी धरणातले झिंगे फुकट मिळाले तरी टाकीत सोडू नयेत. त्यांतल्या लांब नांग्यांच्या जाती ॲक्सोलॉटलचे बाहेर लोंबणारे कल्ले ओरबाडतात, आणि सोबत परजीवी येतात ते वेगळेच. बाजारातलं सुकट तर मिठामुळेच बाद.

नळाचं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. तरी क्लोरीन काढणारं औषध जवळ असावं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कात टाकल्यावर नवं कवच घडवायला उपयोगीच पडतं. खरा शत्रू तांबं. कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनात तांबंच असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं जास्त झालं तरी ती मरते. आपल्या भागात डाळिंब-द्राक्षावर मोरचूद (हा तांब्याचाच क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. फवारणीची बादली कितीही विसळलेली असो, ती या कामाला घेऊ नये, आणि बागेजवळच्या ओढ्यातलं शेवाळ किंवा पाणवनस्पतीही आणू नयेत. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचूनच थेंब टाकावा.