रॉकेट इंजिनाचा अर्ज नेमका कुठे अडतो

भोसरीच्या गाळ्यात एक-दीड किलोन्यूटन जोराचं रॉकेट इंजिन बनवणं आता कुणाला अचाट वाटत नाही. इन्कोनेल ७१८ या उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूची पावडर मिळते, धातूचं थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे आहेत, पाच अक्षांवर कातकाम करणारे तर पुण्यात गल्लोगल्ली. त्यात चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी एका तुकड्यात छापलेल्या इंजिनावर अग्निबाण सॉर्टेड हे रॉकेट उडवून दाखवलं. तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत आणि परत येणारे परवानगीचे अर्जही. इंजिन कच्चं म्हणून परत आलेला अर्ज विरळाच. बहुतेक वेळा अडतं ते जागेच्या कागदावर, नाहीतर भागधारकांच्या तक्त्यावर, नाहीतर ‘अहमदाबादहून एक पत्र आलं की सगळं झालं’ या समजुतीवर.

ही समजूत आधी काढून टाका. इन-स्पेस ही अंतराळ विभागाखालची स्वायत्त यंत्रणा, स्थापना २०२० ची, मुख्यालय अहमदाबादच्या बोपळला. खासगी उड्डाणाला अधिकृतता देते ती हीच. आधार दोन: एप्रिल २०२३ चं भारतीय अंतराळ धोरण आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मे २०२४ मध्ये आलेले निकष व कार्यपद्धती. दुसरा दस्तऐवज मुळातून वाचा, कुणाच्या सादरीकरणातून नको. अर्ज त्यांच्या डिजिटल पोर्टलवरच होतो. मात्र इन-स्पेसचं पत्र हातात आलं म्हणून पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांची केंद्रीय सुरक्षा संस्था), एमआयडीसी, प्रदूषण मंडळ किंवा डीजीएफटीचा (परदेश व्यापार महासंचालनालयाचा) एकही परवाना आपोआप मिळत नाही.

पोर्टलवर दोन वेगळी दारं आहेत आणि चुकीच्या दारात उभे राहणारे कमी नाहीत. उड्डाण करायचं असेल तर अधिकृतता. महेंद्रगिरी किंवा तिरुवनंतपुरमची चाचणी सुविधा, सल्ला, मोजमाप हवं असेल तर ती साहाय्याची मागणी. त्यात आधी इन-स्पेसशी सामंजस्य करार होतो, मग इस्रोच्या संबंधित केंद्रासह संयुक्त अंमलबजावणी आराखडा ठरतो. चाचणीची तारीख मिळते ती या आराखड्यातून. नुसता करार झाल्याची बातमी छापून आणणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

अर्ज कोण करू शकतं

भारतात नोंदलेली संस्था: कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), साधी भागीदारी, ट्रस्ट वगैरे. भोसरी-चाकणमधली कितीतरी चांगली वर्कशॉप्स मालकाच्या एकट्याच्या नावावर चालतात. त्यांनी पुरवठादार म्हणून भाग बनवावेत, अर्जदार होऊ नये. नुकसानभरपाईची हमी लिहून द्यावी लागते, आणि मालकीच्या धंद्यात ती थेट तुमच्या राहत्या घरापर्यंत पोचते. प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या. पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, संचालकांचा तपशील, ताळेबंद हे सगळं सीएकडे असतंच. एक गोष्ट तेवढी राहते, सही करणाऱ्याच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव. तो नसला तर बाकीच्या दोनशे पानांना किंमत नाही.

परकीय भांडवलाच्या नियमाचा निम्मा भाग वाचून लोक फसतात. २०२४ च्या बदलानंतर ‘सुट्या भागांना आणि उपप्रणालींना १०० टक्के मोकळीक’ हे वाक्य सगळीकडे फिरलं. ते उपग्रह, भूकेंद्र आणि वापरकर्त्यांची उपकरणं यांच्या भागांसाठी आहे. प्रक्षेपकासाठी नाही! प्रक्षेपक आणि त्याच्याशी निगडित प्रणाली-उपप्रणालींना स्वयंचलित मार्गाने मर्यादा ४९ टक्के. इंजिन ही प्रक्षेपकाचीच उपप्रणाली. ‘आम्ही रॉकेट नाही बनवत, फक्त इंजिन बनवतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ४९ च्या पुढे जायचं तर सरकारची मंजुरी आधी.

हे ४९ टक्के मोजायचे कसे, तेही नीट बघा. सक्तीने समभागात रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर आणि डिबेंचर धरून, म्हणजे सगळं रूपांतर झाल्यावर जे चित्र दिसेल त्यावर. आज ४१ टक्के दिसणारी कंपनी गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीच्या कागदांसकट ५२ वर गेलेली असू शकते. उलट, कॅलिफोर्नियातल्या मामाने पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर गुंतवले असतील तर ती गुंतवणूक देशी धरली जाते. पण मग तशी नोंद कागदावर हवी, व्हॉट्सॅपवर नव्हे. आणि भारताला जमिनीवरून लागून असलेल्या देशातला गुंतवणूकदार किंवा अंतिम लाभार्थी असेल तर टक्का कितीही असो, एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ चा, म्हणजे अशा शेजारी देशांतल्या गुंतवणुकीवरच्या नियमाचा, विचार कंपनी सेक्रेटरीकडून लेखी करून घ्या. फंडामागचा फंड कुठला आहे हे विचारायला लाजू नका, कारण पलीकडून तो प्रश्न येणारच.

जागेचा कागद

जो कागद कुणाकडेच नसतो तो हा. गाळा एमआयडीसीच्या भूखंडावर, भूखंड तिसऱ्याच्या नावावर, तुमच्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. रीतसर नोंदणी केलेला, पोलिसात कळवलेला, सगळं ठीक. पण मूळ भूखंडधारकाने एमआयडीसीकडून पोटभाड्याची परवानगी घेतलेली आहे का? बहुधा नाही. ती घ्यायची तर त्याला शुल्क भरावं लागतं, जुनी थकबाकी वर येते, म्हणून तो टाळतो. त्यापाठोपाठ इमारत पूर्णत्वाचा दाखला. शेडला मागून वाढवलेला पत्रा नकाशात नसतो, आणि तुमचा टेस्ट स्टँड नेमका त्याच पत्र्याखाली उभा असतो. करारावर सही करण्याआधी मालकाकडून या दोन कागदांच्या प्रती मागा. तो ‘बघू, होऊन जाईल’ म्हणाला तर दुसरी जागा शोधा. डिपॉझिट गेल्यावर हा शहाणपणा महाग पडतो.

इंधनाच्या साठ्याला ना-हरकत लागणार असेल तर ती कुणाकडे मागायची यावरही महिना जातो. पेट्रोलियम नियमांत पोलीस आयुक्तालय असलेल्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांकडे असतो, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. चाकण, तळेगाव, भोसरी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत, रांजणगाव-जेजुरी ग्रामीणमध्ये. पत्ता ‘जि. पुणे’ म्हणून सरळ जिल्हाधिकारी कार्यालयात टाकलेला चाकणचा अर्ज टेबलाटेबलावर फिरतो आणि शेवटी ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. हा शेरा पहिल्याच दिवशी मारता आला असता, पण तसं होत नाही.

प्रदूषण मंडळाची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, अग्निशमन हे नेहमीचेच. कोणताही चांगला कन्सल्टंट करून देतो. फक्त उत्पादनाच्या रकान्यात ‘इंजिनिअरिंग जॉबवर्क’ असं मोघम लिहू देऊ नका. इंजिनाची ज्वलन चाचणी होणार असेल तर तसं लिहा.

इंधन आणि ऑक्सिजन

इथे आधी आकडे मांडा, परवाना त्यावर ठरतो. समजा ५ किलोन्यूटनचं रॉकेल-द्रव ऑक्सिजन इंजिन आहे, समुद्रसपाटीला विशिष्ट आवेग (इंजिनाच्या कार्यक्षमतेचं माप) २४० सेकंद. प्रवाह सेकंदाला साधारण २.१ किलो. ३० सेकंदांच्या चाचणीला सगळं मिळून ६४ किलो. एक किलो रॉकेलला २.२ किलो ऑक्सिजन हे मिश्रणाचं प्रमाण धरलं तर ४४ किलो ऑक्सिजन, म्हणजे जेमतेम ३९ लिटर, आणि सुमारे २५ लिटर रॉकेल. वाहिन्या थंड करण्यात आणि उडून जाण्यात याहून जास्त ऑक्सिजन जातो, तरी दोनेकशे लिटरच्या ड्युरा सिलिंडरवर (द्रव वायूच्या उष्णतारोधक भांड्यावर) काम भागतं. हजार लिटरपर्यंतचं भांडं गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये बघितलं जातं, त्यावरची टाकी स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या नियमांत. ‘पुढे लागेल’ म्हणून पाच हजार लिटरची टाकी नकाशात काढून ठेवणारे लोक स्वतःहून मोठ्या परवान्यात शिरतात आणि मग वर्षभर नागपूरच्या पत्राची वाट बघतात. पेसोचं मुख्यालय तिथे आहे. गरजेपुरतं मागा. मोठी टाकी पुढच्या वर्षी.

रॉकेल आणि विमानाचं इंधन दोन्ही पेट्रोलियमच्या ब वर्गात येतात, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) २३ ते ६५ अंश. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे एका जागी २५०० लिटरपर्यंत, आणि एकही भांडं हजार लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवणीला परवाना लागत नाही. तुमचे दोन ड्रम यात सहज बसतात. पण ते बसतात हे अर्जात कलमासकट लिहा, तपासणाऱ्याने शोधून काढावं अशी अपेक्षा नको. खरेदीचं बिल जपा. रेशनचं निळं रॉकेल हाताशी आहे म्हणून वापरलंत तर गुन्हा होतोच, शिवाय गंधक आणि रंगाची पुटं इंजिनाच्या शीतवाहिन्यांत बसतात ती वेगळीच. इथेनॉलवर जाणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पायरी चढावी लागेल. हो, दारूवालाच विभाग.

छोटी वाटणारी आणि अर्ज फिरवणारी बाब म्हणजे इंजिन पेटवणारा प्रज्वलक. पायरो इग्नायटर (स्फोटक मिश्रणावर पेटणारा) ठेवलात की स्फोटक नियम २००८ दारात येतात, एवढ्याशा नळकांडीसाठी. ठिणगीवर चालणारा टॉर्च इग्नायटर केला तर तो कागद टळतो आणि चाचणी पुन्हा पुन्हा घेता येते. घन इंधनाची मोटर बनवणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांचा रस्ता पहिल्यापासून स्फोटकांचाच, त्यामुळे शहरालगत जागा शोधण्यात वेळ घालवू नये.

जागेचा आराखडा मापात काढलेला, उत्तर दिशा दाखवलेला, अंतरं मीटरमध्ये लिहिलेला हवा. नकाशाच्या ॲपचा स्क्रीनशॉट चालत नाही. ऑक्सिजनच्या भांड्याखाली डांबर दिसलं की तपासणी तिथेच संपते, आणि ते बरोबरही आहे. द्रव ऑक्सिजन मुरलेल्या डांबरावर हातोडी पडली तरी स्फोट होऊ शकतो. काँक्रीटच हवं. दाबाच्या टाकीच्या कागदांत पत्र्याचा हीट नंबर (धातूच्या ओतीव खेपेचा क्रमांक) प्रमाणपत्रावर आणि पत्र्यावर एकच आहे का, हे हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या, आधी बघा. फॅब्रिकेटर उरलेला पत्रा वापरून मोकळा होतो. वेल्डिंग झाल्यावर शिक्का सापडत नाही आणि टाकी चांगली असूनही कागदावर ती भंगार ठरते.

फाइल पाठवणं म्हणजेच निर्यात

इंजिनाचं कॅड जर्मनीतल्या प्रिंटिंगवाल्याला भाव विचारायला ईमेल केलं, यात निर्यात कुठे झाली? झाली. स्कोमेट या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीतल्या पाचव्या वर्गात अवकाश प्रणाली येतात, आणि वस्तूबरोबर तिचं तंत्रज्ञानही. ड्रॉइंगसुद्धा. परवाना डीजीएफटीच्या पोर्टलवर, सोबत परदेशी पक्षाचं अंतिम वापराचं प्रमाणपत्र, त्यांच्या लेटरहेडवर, सहीनिशी. हे प्रमाणपत्रच सगळ्यात उशिरा येतं, कारण समोरचा म्हणतो, ‘मी तर नुसतं कोटेशन देतोय.’ सोपा उपाय असा, की भावासाठी फक्त बाहेरचं माप आणि धातू कळवा, इंजेक्टर आणि शीतवाहिन्यांची भूमिती नको. यादी वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्येक वेळी ताजी प्रत बघा.

उड्डाणाचा अर्ज

निर्णयाला साधारण ७५ ते १२० दिवस, हे सगळे वाचतात. ते पूर्ण अर्जाचे दिवस आहेत, हे कुणी वाचत नाही. त्रुटी निघाली आणि उत्तराला तुम्ही पाच आठवडे लावलेत तर ते पाच आठवडे तुमचे. टेलिमेट्रीच्या (रॉकेटकडून रेडिओने येणाऱ्या मोजमापांच्या) फ्रिक्वेन्सीचा अर्ज दूरसंचार विभागाकडे वेगळा असतो. तो शेवटी ठेवू नका, अँटेना ठरली की लगेच टाका.

विमा हा शेवटचा खोडा. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशवस्तूमुळे जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी देशावर येते, म्हणून सरकार ती तुमच्याकडून लिहून घेतं. दलाल बहुतेकदा कारखान्याची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी पुढे करतो. तिच्यातल्या वगळलेल्या गोष्टी वाचा, उड्डाण त्यातच सापडेल. मुदतही बघा. अग्निबाणचं उड्डाण शेवटी झालं त्याआधी चार वेळा रद्द झालं होतं. स्कायरूटचं विक्रम-एस रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये हवामानामुळे पुढे जाऊन १८ तारखेला उडालं. पॉलिसी ठरलेल्या आठवड्यापुरतीच घेतली असेल तर दुसऱ्या तारखेला तुम्ही विम्याशिवाय उभे. निदान तीन महिने जास्तीचे धरा, आणि मुदतवाढीचा हप्ता आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घ्या.

त्रुटीपत्राला उत्तर देताना त्यांच्याच क्रमांकाने, प्रत्येक मुद्द्याला जोडपत्र लावून, एकाच वेळी सगळं पाठवा. सही ठरावात नाव असलेल्याच माणसाची.