डीपी रोड आणि कॉलनी रोड यांतला घोळ

फ्लॅट बघायला गेलं की साइटवरचा पोरगा समोरच्या बाभळींकडे हात करतो, "हा अठरा मीटरचा डीपी रोड, सर!" आणि आपण मान डोलावतो. (नाशिककरांना डीपी म्हटलं की आधी जळालेला ट्रान्सफॉर्मर आठवतो. इथला डीपी म्हणजे विकास आराखडा.)

कॉलनी रोड सगळ्यांना माहीत असतो. जमीनमालक लेआउट पाडतो, त्यातले रस्ते, गटार, पाण्याची लाइन स्वतः करतो आणि महापालिकेकडे सोपवतो. खड्डे कोणी बुजवायचे यावरून भांडणं होतात, ती होऊ द्यात.

खरी गोची डीपी रोडची. आराखड्यात रेषा ओढली म्हणजे जमीन महापालिकेची झाली, असं नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मोबदला रोखीने द्यायचा, किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क) वा एफएसआयच्या (त्याच जमिनीवर जादा बांधकामाच्या) रूपात, हे ठरून ताबा मिळाला की मगच डांबराची गोष्ट. पाच मालकांपैकी चौघांनी जागा दिली आणि पाचवा कोर्टात गेला, तर रस्ता त्याच्या बांधावर थांबतो. मखमलाबाद, पाथर्डी, आडगावकडे फिरा, मधेच द्राक्षबागेत शिरणारे रस्ते दिसतील. त्यात शेतकऱ्याला शिव्या देणारे मला अजिबात पटत नाहीत. त्याने फुकट का सोडावी?

हा अडसर फक्त गाडीचा नसतो. पाण्याची मुख्य लाइन आणि ड्रेनेज रस्त्याखालूनच न्यावी लागते. जागाच ताब्यात नसेल तर पाइप कुठे टाकणार? म्हणून नव्या इमारतींत चकाचक लिफ्ट असते आणि दाराशी टँकर. "आम्ही विकास शुल्क भरलंय" हा बिल्डरचा युक्तिवादही पोकळच. बांधकाम परवानगीसाठी भरलेल्या शुल्काने शेजाऱ्याची जमीन ताब्यात येत नाही.

आणखी एक मेख. नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर त्या जागेवरचं रस्त्याचं आरक्षण रद्द होतं. नाशिकचा आराखडा 2017 साली मंजूर झाला, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

झोन दाखला आणि भाग नकाशा बघून लोक खूश होतात. त्यात फक्त रेषा दिसते. मी रस्त्याच्या जागेचा सातबारा काढायला सांगतो, शेवटच्या फाट्यापासून आपल्या गेटपर्यंत प्रत्येक गटाचा. मालक म्हणून महापालिकेचं नाव लागलंय का? नसेल तर ताबा पावती मागा. तीही नसेल तर तुमच्या समोर आत्ता डीपी रोड नाही, बाभळी आहेत.