प्रथिनांचे जलद जलीय विच्छेदन

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. तिच्यात कोणते ॲमिनो आम्ल किती आहे हे मोजायचे, तर आधी ती साखळी पाण्याच्या अभिक्रियेने (जलीय विच्छेदनाने) तोडून सगळी ॲमिनो आम्ले सुटी करावी लागतात. या कामाला लागणारा दिवसभराचा वेळ काही मिनिटांवर आणणारी पद्धत म्हणजे जलद जलीय विच्छेदन.

रूढ पद्धतीत काही मिलिग्रॅम नमुना, ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि किंचित फिनॉल काचेच्या नळीत घेतात. नळीतली हवा ओढून घेऊन तिचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात आणि ती ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. हवा मागे राहिली तर मेथिओनीन आणि सिस्टीन या ॲमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण होते; टायरोसीन हे आणखी एक ॲमिनो आम्ल वाचावे म्हणून फिनॉल घालतात. स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी १९५८ मध्ये सुटी झालेली ॲमिनो आम्ले आपोआप मोजणारा विश्लेषक मांडला. मोजणी झपाट्याने सुधारत गेली, नळी मात्र रात्रभर भट्टीतच राहिली.

तापमान वाढवले की विच्छेदनाचा वेग वाढतो, पण उघड्या भांड्यात आम्ल उकळून जाते. म्हणून दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात मायक्रोवेव्हने साधारण १५० ते १६० अंशांपर्यंत तापवतात. तिथे १० ते ३० मिनिटे पुरतात. बाष्परूप पद्धतीत आम्ल मोठ्या भांड्याच्या तळाशी आणि नमुने आतल्या छोट्या नळ्यांत असतात. नमुन्याला फक्त वाफ लागते, त्यामुळे आम्लातली अशुद्धी त्यात उतरत नाही. यासाठी प्रयोगशाळेचे खास यंत्रच हवे. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह अजिबात वापरू नये. तो दाब आणि ती आम्लाची वाफ जिवावर बेतू शकते.

मुंबईत डाळींच्या प्रथिनांचा अभ्यास जुना आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कडधान्यांच्या पोषणमूल्यावर काम केले. तुरीच्या डाळीत लायसीन भरपूर आणि मेथिओनीन कमी, तर तांदळात लायसीनच कमी; वरण-भाताची जोडी किती पूरक आहे हे या मोजणीतूनच आकड्यांत कळते. डाळीचा नमुना मात्र त्रास देतो. तिच्यातला स्टार्च गरम आम्लात करपतो, द्रावण चहासारखे तांबूस होते आणि तळाशी काळा गाळ बसतो. अशा वेळी नमुना कमी आणि आम्ल जास्त घ्यावे, नंतर गाळून घ्यावे. सुक्या बोंबलातली चरबी आधी काढावी लागते. जुलैच्या दमट हवेत डाळीचे पीठ तराजूवर ठेवले की शेवटचा आकडा हळूहळू चढत जातो. म्हणून ओलावा वेगळा मोजून हिशेबात धरावा. ही पायरी चुकली की पुढचे महागडे यंत्रही चुकीचेच उत्तर देते.

वेग वाढला तरी आम्लाचे दोष सुटत नाहीत. ट्रिप्टोफॅन नष्ट होते, त्यासाठी वेगळे अल्कधर्मी विच्छेदन करतात. ॲस्परॅजीन आणि ग्लुटामीन यांची अनुक्रमे ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ले होतात. सिस्टीनसाठी आधी परफॉर्मिक आम्लाची प्रक्रिया लागते. सेरीन आणि थ्रिओनीन थोडे घटतात. उलट व्हॅलीन-आयसोल्युसीन यांच्यातले बंध चिवट असल्याने रूढ पद्धतीत त्यांना कधी ७२ तास द्यावे लागतात. म्हणून जलद पद्धतीचा वेळ ठरवताना एकच नमुना वेगवेगळ्या मिनिटांना काढून पाहतात आणि हाताळणीत होणारी घट हिशेबात धरता यावी म्हणून प्रथिनांत सहसा न आढळणारे नॉरल्युसीन ठरावीक मापात, अंतर्गत मानक (तुलनेचे माप) म्हणून मिसळतात. विच्छेदन वीस मिनिटांत झाले तरी आम्ल उडवून नमुना सुकवायला आणि गाळायला वेळ जातोच. खरी बचत एकाच फेरीत अनेक नळ्या बसतात तेव्हा दिसते.